नकाशावर नसलेली सही

दहिवली, कर्जत
४ ऑक्टोबर २०२५

चि. दीक्षा,

आशीर्वाद. फोन उचलत नाहीस, मेसेजवर निळी खूणही उमटत नाही, तेव्हा जुन्या वाटेनं येतोय. पोस्टातली बाई म्हणाली, "आजोबा, पत्रं कोण लिहितं आता?" म्हटलं, ज्याचा फोन कोणी उचलत नाही तो लिहितो.

ऑफिसात तुझी खुर्ची तशीच आहे. मी कोणाला बसू देत नाही. नऊ अंगणवाड्यांचं काम आलंय. माती तपासणारा एक सांगतो, नकाशे काढणारा दुसरंच काढतो, सरकारी साहेब तिसरीच शंका काढतात, आणि मधे मी. तुला सांगायचो ना, आपलं समन्वयकाचं काम म्हणजे लग्नघरातल्या थोरल्या काकासारखं. नवरदेव नाही, भटजी नाही, आचारी नाही, पण मांडव हलतो त्याच्या शब्दावर. तू हसायचीस आणि म्हणायचीस, "काका, पत्रिकेत मात्र तुमचं नाव नसतं."

चौकशीचं फार मनाला लावून घेऊ नकोस. आमच्या पाड्याच्या वहाळावरचा साकव जुलैत पाण्याखाली गेला, त्या छोट्या पुलावरून पहिल्या पाळीला निघालेला आमच्या पारूचा मुलगा नवीन वाहून गेला. फार वाईट झालं. पण पाणी काय विचारून येतं? कंपनीनं तुला घरी बसवलंय ते तात्पुरतं आहे, मोठ्या साहेबांशी माझं बोलणं झालंय. २७ नोव्हेंबरला अलिबागला सुनावणी आहे. तिथं तू एवढंच लिहून दे, की पूरपातळीचा आकडा उतरवताना नजरचूक झाली. मार्चअखेर होती, चौदा साकवांची घाई होती, हे सगळ्यांना माहीत आहे. नजरचुकीला कोणी फासावर देत नाही. मसुदा मी करून देतो.

तुझं फील्ड बुक म्हणशील, तर ऑफिस हलवलं तेव्हा ते कुठं गेलं कोण जाणे. शोधतोय.

जेवत जा वेळेवर. हे पत्र मिळाल्याचं नुसतं कळव.

तुझा
बाळारामकाका


दहिवली
२६ ऑक्टोबर २०२५

चि. दीक्षा,

काल चौकला तुमच्या घरी येऊन गेलो, ते तुला कळलं असेलच. तुझ्या चपला दारात होत्या.

तुझे बाबा गॅरेजात एका टेंपोखाली काम करत होते. बाहेर आले, हात ग्रीसनं भरलेले म्हणून कोपर पुढं केलं. कपिलभाऊंना मी पहिल्यांदाच भेटत होतो. तुझं सरळ बोलणं कुठून आलं ते कळलं.

मी विचारलं, "दीक्षा हाय का?"

"हाय. पन भायेर नाय येनार." पाना पुसत ते माझ्याकडं बघत राहिले. "सायेब, मी धावी नापास मानूस. मला येक समजवा. कागदावर पोरीची सही हाय?"

"हाय."

"तुमची?"

"नाय."

"का बरं? तिला काम तर तुमीच सांगत व्हता."

मी म्हटलं, "मला डिग्री नाय, कपिलभाऊ. डिग्री नसलेल्याची सही नकाशावर चालत नाय."

"म्हंजे गाडी चालवनारा येक, आनि लायसन दुसऱ्याचं," ते म्हणाले. "आमच्या धंद्यात आसं केलं तर पोलीस आत टाकतात." आणि हसले. त्यांचं हसणं मला मारल्यासारखं लागलं.

चहा दिला त्यांनी. मी अर्धा प्यायलो तेव्हा म्हणाले, "पोरीनं येकच इचारायला सांगितलंय. जना आजीचं पान कुठं हाय?"

"शोधतोय," मी म्हटलं.

"शोधा. चा घ्या पुरा, सायेब. टाकू नका."

घरी येईपर्यंत मी तुझ्यावर रागावलेला होतो. खोटं कशाला सांगू? वाटलं, ज्या पोरीला मी नकाशाची घडी घालण्यापासून शिकवलं, ती मला बापाकरवी जाब विचारते. तुला ठाऊक आहे मी कसा वर आलो. एकोणऐंशी साली ट्रेसर म्हणून लागलो, मेणकापडावर दुसऱ्याच्या रेघा गिरवायला. साहेब लोकांची पुस्तकं जेवणाच्या सुट्टीत वाचायचो, समजलं नाही तर पाठ करायचो, आणि दोन वर्षांनी कधीतरी भर उन्हात साइटवर उभं असताना ते समजायचं. डिग्रीवाले बदलून जायचे, मी तिथंच. निवृत्तीनंतर कंपनीनं मला घेतलं ते याच्यावर, की रायगडातला कुठला वहाळ कुठं वळतो ते ह्या म्हाताऱ्याच्या डोक्यात आहे. एवढं सगळं असून कागदाच्या कोपऱ्यातल्या त्या चौकटीत माझं नाव कधी आलं नाही. "तयार केले" त्याच्यापुढं तू. "तपासले" त्याच्यापुढं मोठे साहेब, जे तीस नकाशांवर एका दमात सह्या करतात. ह्याचं मला चाळीस वर्षं वाईट वाटत आलं.

ह्या जुलैपासून मात्र त्याचं बरं वाटतंय. हे लिहिताना पेन अडलं, पण लिहिलं.

मागच्या पत्रात मी म्हटलं होतं, नजरचूक झाली असं लिहून दे. तसं लिहू नकोस. कारण आज नाही सांगता येत.

काका


दहिवली
१२ नोव्हेंबर २०२५

दीक्षा,

फील्ड बुक माझ्याकडं आहे. कपाटात, हिच्या साड्यांच्या खाली. ही जाऊन सहा वर्षं झाली, त्या कप्प्याला कोणी हात लावत नाही, म्हणून तिथं ठेवलं. हरवलं नव्हतं. ऑफिस हलवलं तेव्हा मीच पिशवीत घालून आणलं.

आता पहिल्यापासून सांगतो. यातलं निम्मं तुला माहीत आहे, पण चौकशीपुढं जबाब देण्याआधी मला तो तुझ्यापुढं द्यायचाय.

बावीस सालचा फेब्रुवारी. आमच्या पाड्याच्या वहाळावर साकव मंजूर झाला. माझ्या गावाला पूल, आणि त्याचं डिझाइन माझ्या हाताखालून जाणार! मी पेढे वाटले होते, आठवतं? वहाळाला सरकारी मोजमाप नसतं, म्हणून गावातल्या जुन्या माणसांना विचारून पूरपातळी ठरवायची आणि त्यांचे जबाब सहीनिशी घ्यायचे. तू गेलीस. जना आजीनं तुला हाताला धरून वडाच्या पारापाशी नेलं. "पाचच्या सालाला पानी ह्या दुसऱ्या पायरीवर व्हतं गं. माजी कोंबडी ह्या पायरीवर मेली." तू पायरीवर पट्टी धरून पातळी घेतलीस आणि लिहिलीस, २४.३५. खाली आजीचा अंगठा. कोंबडीचंही कंसात लिहिलं होतंस. मी हसलो होतो त्याला.

त्याच आठवड्यात माझा धाकटा भाऊ सदू दहिवलीला आला. तोपर्यंत त्यानं माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. आईबापांना शेवटपर्यंत त्यानं सांभाळलं, मी नोकरीच्या मागं गावोगाव. जेवायलाही बसला नाही. म्हणाला, "दादा, आखणीवाल्यांनी खुट्या ठोकल्यात. भराव आपल्या वहाळाकडच्या खाचरात येतोय. निम्मं खाचर जातंय."

मी म्हटलं, "पूल उंच म्हणून भराव लांब. त्याला काय करणार?"

"मंग जरा खाली घे की रं पूल. तुज्याच हातात हाय."

"पाणी कुठपर्यंत येतं ते ठाऊक हाय ना तुला?"

"पाचच्या सालावानी पानी परत येतंय व्हय? त्याला सतरा वरसं होत आली. दादा, त्या खाचरात बा राबला. त्या खाचरावर तुजं ट्रेसरचं शिक्षान झालं."

हे खोटं नव्हतं. खाचराचं भात विकून मला ठाण्याला शिकायला ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सदूनं आणखी दोन म्हाताऱ्यांसह जबाब लिहून आणला, पाणी पाराच्या खालीच राहतं म्हणून. अक्षर त्याचं, पण शब्द मी सांगितलेले. मी तुला म्हटलं, "जना आजीचं काय धरून बसलीस? तिला कालचं आठवत नाही. गाव माझा आहे." तू म्हणालीस, "काका, पण पायरीवर अजून गाळाची रेघ आहे." मी म्हटलं, "पोरी, मी तुझ्या वयाचा असल्यापासून हा वहाळ बघतोय."

तू गप्प बसलीस. तुझ्या जागी मी असतो तर मीही बसलो असतो. साहेबलोकांपुढं मी जन्मभर तसाच गप्प बसलो, आणि ज्या दिवशी कोणीतरी माझ्यापुढं गप्प बसायची वेळ आली, त्या दिवशी मला बरं वाटलं. हेही लिहितो.

आणि ती रेघ? दीक्षा, पाचच्या सालात पूर ओसरल्यावर चौथ्या दिवशी मी गावात होतो. पाराची दुसरी पायरी मी स्वतः धुतली होती, खराट्यानं. रेघ तेवढी निघाली नव्हती.

तुझ्या वहीत २४.३५ वर लाल पेन्सिलीनं रेघ मारली आणि बाजूला २३.१५ लिहिलं. एक मीटर वीस. चार फूट. खोडरबर लावला नाही. फील्ड बुकात आकडा पुसायचा नाही, एक रेघ मारायची म्हणजे खालचा वाचता येतो, हे मीच तुला पहिल्या दिवशी शिकवलं. चाळीस वर्षांची सवय, चोरी करतानाही सुटली नाही. त्या आकड्यावरून तू हिशेब केलास आणि सही केलीस. चार फुटांनी साकव खाली आला, खाचर वाचलं.

नवीन पहाटेच्या उजेडात निघाला, खोपोलीकडं पहिल्या पाळीला. पाणी साकवावर गुडघाभर. पलीकडं त्याची कंपनीची बस उभी. पूर्वी वहाळ भरला की माणसं काठावर बसून राहायची, खाडा पडला तर पडला. साकव झाला आणि भरवसा आला. सरकारी पूल आहे, इंजिनिअरनं बांधलाय, म्हणून तो गेला. पूल नसता तर तो काठावर बसला असता.

काल सदूकडं जाऊन आलो. खाचरात कापणी चालली होती, भात उत्तम आलंय. मी बांधावर उभा राहून म्हटलं, "सदू, मी सांगणार हाय."

त्यानं विळा थांबवला नाही. "काय सांगनार?"

"सगळं."

"मंग माजं नाव येनार."

"माझं आधी येईल."

"तुजं काय रं, दादा? तू दहिवलीला ब्लाकात ऱ्हातोस. मला हितं ऱ्हायाचं हाय. पारू वहिनी रोज माज्या दारावरनं पान्याला जाती." मग पेंढी बांधता बांधता म्हणाला, "ती पोरगी कोन लागती तुजी? आपल्यातली तरी हाय का?"

मी वळलो. त्याच्या ह्या एका वाक्यानं माझी झोप उडवली, कारण हे वाक्य जुलैपासून माझ्याही पोटात कुठंतरी होतं. ओठावर आलं नव्हतं इतकंच. तुझ्याऐवजी आमच्या घरातली पोर असती, तर मी साडेतीन महिने थांबलो असतो का? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं चोरानंच संन्याशाला सांगितलं होतं, नजरचूक झाली म्हण.

२७ तारखेला वही घेऊन येईन असं लिहितोय खरं, पण मला माझी खात्री नाही. भावाचं तोंड डोळ्यांपुढं येतं. म्हणून आत्ताच उठून हे पत्र टाकतोय, रजिस्टर करून. मी आलो नाही तर हेच पत्र साहेबांपुढं ठेव. यावर माझी सही आहे.

बाळाराम


दहिवली
२८ नोव्हेंबर २०२५

दीक्षा,

काल तू समोर होतीस, त्यामुळं वेगळं सांगण्यासारखं थोडंच. पण तू बाहेर गेल्यावर काय झालं ते तुला माहीत असावं.

तुला आत बोलावण्याआधी चौकशीच्या बाईसाहेबांनी मला विचारलं होतं, "आपण कोण?" मी म्हटलं, डिझाइन समन्वयक. त्यांनी फाइल पुढून मागं चाळली, मागून पुढं चाळली. "तुमचं नाव कुठंच नाही, आजोबा. तुमचा जबाब कशाच्या आधारावर घेऊ?" तेव्हा मी वही काढली आणि त्यांनी तुला आत बोलावलं. तू ती हातात घेतलीस, तुझं पान उघडलंस, बराच वेळ बघितलंस आणि माझ्याकडं न बघता त्यांच्या टेबलावर ठेवलीस. तेवढा वेळ मी दुसऱ्या कशाकडं बघत नव्हतो.

तू बाहेर गेल्यावर त्यांनी माझ्याकडून कोऱ्या कागदावर आकडे लिहून घेतले, शून्य ते नऊ, तीनदा, लाल पेन्सिलीनं. वहीतल्या आकड्यांशी ताडून बघितले. माझा तीन वरून सपाट असतो, ट्रेसरचा तीन. म्हणाल्या, "हे तुमचंच अक्षर." वहीची पोच दिली. मग पेन खाली ठेवून विचारलं, "इतके दिवस का नाही आलात?" त्यांनी "उत्तर नाही" असं लिहून घेतलं आणि खाली माझी सही घेतली.

चौकशीतून तुझं नाव वगळायची शिफारस त्या करणार आहेत. लेखी आठ-पंधरा दिवसांत येईल. सदूला समन्स निघेल. कंपनीनं मला संध्याकाळीच फोन करून सांगितलं, उद्यापासून येऊ नका. पोलिसांतही जाईल म्हणतात. जावं.

जिन्यात तू थांबली होतीस. मला वाटलं, आता बोलेल, शिव्या देईल, काहीही देईल. तू विचारलंस, "नवीनच्या आईला कोणी सांगितलं का?" आणि उत्तराची वाट न बघता खाली उतरलीस.

नाही सांगितलं.

बाळाराम


दहिवली
२१ डिसेंबर २०२५

दीक्षा,

तुझ्या नावाचा कागद तुला मिळाला, हे कपिलभाऊंनी फोनवर सांगितलं. दोनच वाक्यं बोलले. दुसरं हे, की तू पनवेलला मुलाखत देऊन आलीस. ऐकून मी खुर्चीत बसलो तो तासभर उठलो नाही. तू तिथं माझं नाव सांगायचं कारण नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला उशीर झाला. तीनदा पाड्याकडं वळणाऱ्या पोशीरच्या फाट्यापर्यंत गेलो आणि परत आलो. काल पोचलो. साकवाच्या तोंडाशी दगड लावून रस्ता बंद केलाय, पलीकडं जायला चप्पल हातात घेऊन वहाळातूनच जावं लागतं. सदूच्या दारावरून गेलो. तो ओट्यावर होता. उठून आत गेला, कडी लावली. बरोबरच आहे त्याचं.

पारू पडवीत तांदूळ पाखडत होती. मला बघून पदर सारखा केला. "या भावजी. कंदी आलाव?" मी गेल्या गेल्या खाली बसलो आणि बसल्या बसल्या सांगून टाकलं. खाचर, सदू, जना आजी, लाल रेघ. सोपं करून सांगायचं ठरवलं होतं. तुला माहीत आहे, ग्रामसभेत मी किती सोपं करून सांगतो. काल मात्र मला आकड्यांशिवाय बोलताच येईना. ती पाखडत राहिली. मधे एकदा सुपातला खडा काढून बाहेर टाकला.

माझं संपलं तेव्हा म्हणाली, "मला त्यातलं काय कलत नाय, भावजी. मंग केवढा उंच व्हया व्हता?"

मी म्हटलं, "होता त्याहून चार फूट."

"फूट कलत नाय. दावा."

मी उभा राहिलो. पडवीच्या जमिनीपासून मोजून हात आडवा धरला, माझ्या छातीपाशी. म्हटलं, "एवढा."

तिनं सूप खाली ठेवलं. उठून आली, माझ्या हाताजवळ उभी राहिली. तिच्या खांद्याला लागत होता हात. तिनं वरून आपला तळवा फिरवला, पोराची उंची बघावी तसा.

"येवढाच?" म्हणाली.

दीक्षा, ती परत जाऊन पाखडायला बसली. मला हात खाली घ्यायचा धीर होईना.

बाळाराम